जोर की मोजमाप? तारेतला दोष शोधण्याची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरचे केबलवरचे इंटरनेट दिवसातून दोन-तीनदा जाऊ लागले. जुनी कागदपत्रे हल्ली पुष्कळशी पडद्यावरच वाचावी लागतात, त्यामुळे कामाचा खोळंबा होई. तक्रार केली की केबलवाला मुलगा येई, मोडेमची वायर काढून पुन्हा लावी आणि म्हणे, "काका, सिग्नल वीक आहे, बूस्टर लावू." बूस्टर लागला, दुखणे तसेच राहिले, उलट वाढले. तेव्हा मनात आले की 'सिग्नल कमी, म्हणून जोर वाढवा' हा उपाय आपण कुठेतरी वाचला आहे. वाचला होता खरा, १८५८ सालच्या इतिहासात.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिकच्या तळाशी पहिली तार पडली. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचायला सुमारे सोळा तास लागले. तारेचे विद्युतप्रमुख वाइल्डमन व्हाइटहाउस हे मूळचे शल्यवैद्य. संदेश अंधूक येतो म्हणून त्यांनी मोठाली वेटोळी लावून सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला. तारेच्या घडणीत आधीच दोष होते. त्यात या माऱ्याची भर पडली. काही आठवड्यांतच तार मुकी झाली.

विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांची वाट वेगळी होती. पाठवणारा हात बळकट करण्याऐवजी त्यांनी घेणारा डोळा तीक्ष्ण केला. त्यांच्या आरसा-गॅल्व्हानोमीटरमध्ये सूक्ष्म प्रवाहानेही इवलासा आरसा हले आणि त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका पट्टीवर सरके. अशक्त संदेश वाचण्यासाठी जोर नव्हे, नाजूक मोजमाप हवे, हा धडा त्यात होता.

हा धडा हिंदुस्थानाशीही जोडलेला आहे. १८५९-६० मध्ये सुएझहून एडनमार्गे कराचीपर्यंत टाकलेली तारही निकामी ठरली. या अपयशांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचा अहवाल १८६१ साली आला. त्याच वर्षी ब्रिटिश असोसिएशनने विद्युतरोधाचे प्रमाणभूत एकक ठरवण्यासाठी समिती नेमली. आज शाळेतला मुलगा 'ओहम' म्हणतो त्यामागे तारायंत्रवाल्यांची ही गरज आहे. ठरावीक लांबीच्या तारेचा रोध ठाऊक असेल, तर बिघाड किती मैलांवर आहे हे किनाऱ्यावर बसून काढता येते. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने मुंबई ते एडन तार टाकली, तोवर अंदाजाची जागा मापाने घेतली होती.

या परंपरेतला माझा आवडता माणूस ऑलिव्हर हेविसाइड. सोळाव्या वर्षी शाळा सुटलेला हा मुलगा इंग्लंड-डेन्मार्क तारेवर नोकरीला होता. एकाच तारेतून दोन दिशांना संदेशांचा वेग सारखा नसतो, हे त्याच्या ध्यानात आले. पुढे घरी बसून, स्वतःच गणित शिकत, त्याने तारेतून संदेश कसा वाहतो याची समीकरणे मांडली. १८८० साली त्याने एका वाहकाभोवती दुसरा नळीसारखा वाहक असलेल्या तारेचे पेटंट घेतले. आपल्या टीव्हीच्या मागे स्क्रूने बसणारी जाड काळी वायर ही तिचीच नात. बाहेरचे जाळीदार कवच आतल्या संदेशाला बाहेरच्या गोंगाटापासून राखते. जोड सैल झाला किंवा टोक उघडे राहिले, की कवचाला भगदाड पडते.

आता आपल्या केबलकडे येऊ. १९४८च्या सुमारास अमेरिकेत ओरेगन, पेनसिल्वेनिया भागांतल्या डोंगराआडच्या गावांत टीव्ही दिसेना, म्हणून उंचावर एक अँटेना लावून घरोघर तार नेली गेली. आपल्याकडे १९९१च्या आखाती युद्धानंतर गच्चीगच्चीवरून अशा तारा पसरल्या. कायदा आला १९९५ साली. ही सारी व्यवस्था एकाच दिशेची होती: वरून खाली, जशी टाकीतून नळाला पाणी. १९९७ साली केबल मोडेमचे सामायिक मानक ठरले आणि त्याच नळातून पाणी उलटेही चढवायचे ठरले. उलट्या वाटेला जागा मिळाली ती तळाची, मूळ आराखड्यात ५ ते ४२ मेगाहर्ट्झची. मोटारींच्या ठिणग्यांचा, लघुलहरी रेडिओचा गोंगाट याच पट्ट्यात असतो. शिवाय खाली येणारा संदेश फांद्यांत वाटला जातो, तर वर जाणारा गोंगाट खोडाशी एकवटतो. म्हणून एका घरातला सैल जोड सगळ्या आळीचे इंटरनेट पाडू शकतो.

हे वाचल्यावर मी वही केली आणि लाइन गेल्याची वेळ टिपू लागलो. मोडेमच्या पानावर सिग्नलची पातळी दिसते. ती चांगली होती. म्हणजे 'वीक' काहीच नव्हते, बूस्टर फुकट होता. तो गोंगाटालाही तितकेच बळ देत होता. वेळा मात्र सकाळ-संध्याकाळच्या निघाल्या. वही पाहून सौ. म्हणाली, "अहो, या तर माझ्या मिक्सरच्या वेळा आहेत!"

पुढे काम सोपे होते. तार घरात शिरते तिथे मोडेम थेट जोडला, घरातल्या बाकीच्या फांद्या सोडवल्या, मिक्सर चालवला. लाइन टिकली. म्हणजे दोष आमच्याच घरात. एकेक फांदी परत जोडत गेलो. वडिलांच्या खोलीची फांदी जोडली, मिक्सर लावला आणि लाइन गेली. ते गेल्यावर त्यांचा टीव्ही आम्ही काढला होता. वायरचे उघडे टोक कपाटामागे तसेच राहिले होते. भिंतीपलीकडे स्वयंपाकघराचा ओटा.

ती फांदी मी कायमची काढली. बूस्टरही काढवला. आठवड्याने वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई जिन्यात म्हणाल्या, "तक्रार करून करून शेवटी केबलवाल्याने सुधारलं हो!" दोन महिने मीही त्याच केबलवाल्याच्या नावाने बोटे मोडत होतो. मी त्यांना खरे काय ते सांगितले.