पेटीतले ग्रंथ आणि पोत्यातले ग्रंथ

ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेत २२ जून हा दिवस दोन इंग्रज रक्तसाक्ष्यांच्या नावे आहे : बिशप जॉन फिशर आणि सर थॉमस मोर. त्यांपैकी मोर यांची कथा आपल्याकडे बहुधा एका वाक्यात आटोपते. राजा आठवा हेन्री याला इंग्लंडच्या ख्रिस्तसभेचा प्रमुख मानण्यास त्यांनी नकार दिला आणि १५३५ साली त्यांचा शिरच्छेद झाला, एवढेच आपण सांगतो. हे खरेच आहे. परंतु ज्या मनाने तो नकार दिला ते मन कोणत्या ग्रंथांवर पोसले गेले होते, याचा विचार क्वचितच होतो. मोर यांच्या चरित्रात ग्रंथांचे दोन संग्रह आपल्याला भेटतात. एक कल्पनेतला आणि दुसरा प्रत्यक्षातला. एक गलबतावर चढवलेला आणि दुसरा पोत्यात भरून नेलेला. या दोहोंच्या मध्ये त्यांचे आयुष्य उभे आहे.

पहिला संग्रह त्यांच्या 'युटोपिया' या ग्रंथात आहे. १५१६ साली लूव्हेन येथे लॅटिनमध्ये छापलेल्या या पुस्तकात लेखक स्वतःच एक पात्र होऊन येतो. अँटवर्प येथील ख्रिस्तमंदिरातून मिस्सा आटोपून बाहेर पडताना त्याला एक उन्हाने रापलेला, लांब दाढीचा प्रवासी भेटतो. हा राफाएल हिथ्लोडे जातीचा पोर्तुगीज. अमेरिगो व्हेस्पुचीबरोबर सागरप्रवास करून पुढे तो युटोपिया बेटावर राहिला, तेथून सिंहलद्वीपाला आणि मग कालिकतला आला. तेथे त्याला पोर्तुगीजांची गलबते मिळाली व तो मायदेशी परतला. वास्को द गामा कालिकतला पोहोचला तो १४९८ साली, म्हणजे पुस्तक निघण्यापूर्वी अवघी अठरा वर्षे. आपला पश्चिम किनारा त्या वेळी युरोपीय वाचकांच्या कल्पनेत नुकताच उगवत होता. सत्य आणि कल्पित यांचा सांधा मोर यांनी नेमका आपल्या किनाऱ्यावर बसवावा, याचे कौतुक वाटल्याखेरीज राहत नाही.

शेवटच्या सफरीवर निघताना राफाएलने व्यापारी मालाऐवजी ग्रंथांची मोठी पेटी बरोबर घेतली होती. तीत प्लेटोचे बहुतेक सारे ग्रंथ होते, ॲरिस्टॉटलचे काही होते. होमर, सोफोक्लीज, हेरोडोटस आणि प्लूटार्क होते. थिओफ्रास्टसचा वनस्पतींवरील ग्रंथही होता. पण जहाजावर तो निष्काळजीपणे पडून राहिला आणि एका माकडाने खेळता खेळता त्याची पाने फाडून टाकली! प्राचीन ज्ञानाचा ठेवा माकडाच्या हाती लागतो, हा विनोद सहज आल्यासारखा दिसतो. परंतु मठामठांत जीर्ण हस्तलिखिते धुंडाळणाऱ्या प्रबोधनकाळातील विद्वानांना त्याचा चिमटा चांगलाच बसला असेल.

त्या पेटीत लूशियनही होता. दुसऱ्या शतकातील हा सिरियन लेखक ग्रीकमध्ये लिही आणि देव, तत्त्वज्ञ, धनिक या सर्वांची थट्टा करी. युटोपियातील लोकांना त्याच्या नर्मविनोदाची विशेष गोडी लागली, असे राफाएल सांगतो. ही गोडी मूळची मोर यांचीच. त्यांनी आणि त्यांचे परममित्र एरॅस्मस यांनी लूशियनची काही लेखने लॅटिनमध्ये उतरवली व ती १५०६ साली पॅरिसला प्रसिद्ध झाली. पुढे एरॅस्मस यांनी मोर यांच्याच घरी राहून 'मूर्खपणाची स्तुती' लिहिली. तिच्या ग्रीक-लॅटिन शीर्षकात यजमानाच्या नावावर श्लेष आहे, कारण ग्रीकमध्ये 'मोरिया' म्हणजे मूर्खपणा.

'युटोपिया'तील नावेही अशीच आहेत. 'युटोपिया' म्हणजे 'कोठेच नाही' असे स्थान. तेथील नदीच्या नावाचा अर्थ 'निर्जला'. खुद्द हिथ्लोडे या नावाचा अर्थ 'वायफळ बोलण्यात निष्णात'. मग या ग्रंथाकडे केवळ विनोद म्हणून पाहायचे काय? तसे म्हणता येत नाही. या हास्याच्या आड एक फार गंभीर प्रश्न दडलेला आहे आणि तो कायद्याचा आहे.

ग्रंथाच्या पहिल्या भागात कार्डिनल मॉर्टन यांच्या पंक्तीचा प्रसंग आहे. हे मॉर्टन खरोखरचे. कुमारवयात मोर त्यांच्या वाड्यात सेवेला होते. कल्पित प्रसंगात एक कायदेपंडित तेथे मोठ्या अभिमानाने सांगतो की, चोरांना आता कडक शासन होते, कधी कधी एकाच वधस्तंभावर वीस वीस जण लटकतात. आणि तरीही देशात इतके चोर कसे, याचे त्याला नवल वाटते. राफाएल त्याला उत्तर देतो. लोकरीच्या लोभाने जमीनदारांनी शेते कुंपणात घातली, कुळांना हुसकावले. ज्या मेंढ्या पूर्वी गरीब स्वभावाच्या होत्या त्या आता माणसे गिळू लागल्या आहेत. आधी माणसांना चोर बनवायचे आणि मग त्यांनाच फासावर चढवायचे, हा कोणता न्याय? शिवाय चोरी आणि खून यांना एकच शिक्षा असेल तर चोर साक्षीदाराला जिवंत ठेवीलच कशाला? मोशेच्या कठोर नियमशास्त्रातही चोरीला देहान्त शिक्षा नाही, याची तो आठवण देतो. इंग्लंडच्या कायद्याला हे शहाणपण सुचायला पुढे तीनशेहून अधिक वर्षे लागली.

राफाएलच्या पेटीत कायद्याचा एकही ग्रंथ नाही आणि युटोपियात वकिलांना थारा नाही. हे लिहिणारा मात्र स्वतः नामांकित वकील आणि न्यायाधीशाचा पुत्र! लिंकन्स इनमध्ये कायदा शिकत असताना मोर यांनी संत अगस्तीन यांच्या 'देवाचे नगर' या ग्रंथावर लंडनच्या एका ख्रिस्तमंदिरात व्याख्याने दिली. तरुणपणी ते कार्थुसियन मठवासीयांच्या सहवासात राहिले. १५२९ साली ते इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सलर झाले आणि सद्सद्विवेकाच्या आधारे न्याय देणाऱ्या चॅन्सरी न्यायालयाची सूत्रे त्यांच्या हाती आली. तत्त्वज्ञाने राजाच्या पदरी राहावे की राहू नये, हा प्लेटोपासून चालत आलेला वाद 'युटोपिया'त आहे. तेथे मोर हे पात्र म्हणते की, जे पूर्णपणे चांगले करता येत नाही ते निदान शक्य तितके कमी वाईट करावे. आता हे वाक्य लेखकालाच जगून दाखवायचे होते.

येथे एका वेदनादायक विषयाला स्पर्श केलाच पाहिजे. संतांच्या चरित्रातून अशी पाने वगळण्याची सवय आपल्याला आहे, पण तो संतांचा खरा सन्मान नव्हे. मोर यांच्या कारकिर्दीत सहा जणांना पाखंडी ठरवून जाळण्यात आले. त्यांपैकी काहींच्या चौकशीत मोर यांचा प्रत्यक्ष हात होता. पद सोडल्यानंतर १५३३ साली, ख्रिस्तोफर सेंट जर्मन या वयोवृद्ध कायदेपंडिताशी त्यांचा मोठा ग्रंथवाद झाला. पाखंडाच्या खटल्यात धर्मन्यायालय आपल्या अधिकारात कोणालाही बोलावते, फिर्यादी कोण हेही आरोपीला कळत नाही, यात निरपराध माणूस भरडला जातो, असे सेंट जर्मन यांचे म्हणणे होते. मोर यांनी या जुन्या पद्धतीचे हिरिरीने समर्थन केले. ती सोडली तर समाजात पाखंड माजेल, अशी त्यांना भीती होती.

वर्ष लोटले नाही तोच चित्र पालटले. एप्रिल १५३४ मध्ये वारसाहक्काच्या कायद्याची शपथ घेण्यास नकार दिल्यामुळे मोर यांना लंडनच्या मनोऱ्यात बंदिस्त करण्यात आले. एक हजार वर्षांपूर्वी बोएथियस यानेही बंदिवासात, मृत्यूच्या छायेत 'तत्त्वज्ञानाचे सांत्वन' लिहिले होते. मोर यांनी कोठडीत 'संकटातील सांत्वनाचा संवाद' लिहिला. तुर्कांच्या स्वारीने भयभीत झालेल्या हंगेरीतील एक वृद्ध काका आणि त्याचा पुतण्या यांचे हे संभाषण. तुर्कांच्या आडून हेन्रीकडे रोख आहे, हे जाणत्यांना सांगावे लागत नाही. विशेष म्हणजे मृत्यूच्या दारात लिहिलेला हा ग्रंथ हास्यकथांनी भरलेला आहे.

त्यातली एक कथा आम्हा पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंना तर पाठच असायला हवी. गाढव आणि लांडगा कोल्होबांकडे पापनिवेदनाला जातात. बापडे गाढव मालकाच्या जोड्यातून डोकावणारी गवताची काडी खाल्ली म्हणून धास्तावलेले असते. लांडग्याला कोल्होबा प्रायश्चित्त देतात की, एका जेवणाला सहा पेन्सपेक्षा अधिक किमतीचे खायचे नाही. लांडग्याला वाटेत गाय आणि वासरू दिसते. तो आपल्या सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून हिशेब करतो : गायीची किंमत चार पेन्स, वासराची तिच्या निम्मी, म्हणजे दोन, एकूण सहा. आणि निश्चिंत मनाने दोघांनाही फस्त करतो! राजाच्या इच्छेप्रमाणे आपल्या विवेकाचे मोजमाप बदलून शपथ घेणारे कितीतरी बिशप आणि सरदार मोर यांनी तेव्हा पाहिले होते. त्यांच्यावर त्यांनी उघड टीका केली नाही. फक्त लांडग्याची गोष्ट सांगितली.

३ जून १५३५ रोजी राजाचे मंत्री थॉमस क्रॉमवेल यांनी चौकशीत मोर यांना नेमक्या जागी गाठले. आपण चॅन्सलर असताना पाखंड्यांना पोपमहोदयांच्या अधिकाराविषयी स्पष्ट उत्तर देण्यास भाग पाडीत होता, मग आज राजाने आपल्याकडून तसेच उत्तर का मागू नये, असा त्यांचा सवाल होता. मोर यांनी फरक सांगितला : तेव्हाचा नियम साऱ्या ख्रिस्ती जगाला मान्य होता, हा एकाच राज्याचा आहे; आणि एका राज्याच्या कायद्याने विवेक तितका बांधला जात नाही. कायदेपंडिताला शोभणारे हे उत्तर आहे. तरीही क्रॉमवेल यांचा प्रश्न त्या उत्तराने पुरता विझत नाही, असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते. जाळल्या गेलेल्यांनाही विवेक होताच. ख्रिस्तसभेने याचे निःसंदिग्ध उत्तर दिले ते ७ डिसेंबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या धर्मस्वातंत्र्यविषयक जाहीरनाम्यात : धर्माच्या बाबतीत कोणाही माणसावर त्याच्या विवेकाविरुद्ध सक्ती करता येणार नाही. मोर यांनी स्वतःसाठी जे मागितले, ते आज ख्रिस्तसभा सर्वांसाठी मागते.

१२ जूनला सॉलिसिटर जनरल रिचर्ड रिच दोन सहकाऱ्यांसह कोठडीत आले. मोर यांची पुस्तके काढून नेण्याचा हुकूम होता. सहकारी पुस्तके बांधत असताना रिच यांनी मोर यांच्याशी गप्पांच्या मिषाने वाद घातला. १ जुलैला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला चालला. कायद्यात राजाची पदवी 'दुष्टबुद्धीने' नाकारणे हा राजद्रोह होता. मोर तर केवळ गप्प राहिले होते. मौनं संमतिलक्षणम्, हे तत्त्व लॅटिन कायद्यातही आहे. तेव्हा माझ्या मौनाचा अर्थ लावायचाच असेल तर संमती असा लावावा, असा युक्तिवाद त्यांनी केला. मग रिच यांनी शपथेवर सांगितले की, कोठडीतल्या त्या संभाषणात मोर यांनी राजाचे प्रमुखपद नाकारले. मोर यांनी ही साक्ष खोटी असल्याचे ठणकावले. सोबतच्या दोघांना विचारले तेव्हा ते म्हणाले, आम्ही पुस्तके पोत्यात भरण्यात गुंतलो होतो, बोलण्याकडे लक्ष नव्हते. रिच यांच्या साक्षीला दुजोरा मिळाला नाही. तरीही ज्यूरीने मोर यांना दोषी ठरवले.

पुस्तके गेल्यावर मोर यांनी कोठडीची खिडकी बंद करून घेतली, असे चरित्रकार सांगतात. माल गेला की दुकान बंद करावे लागते, असे ते हसत म्हणाले. पेटीतून निघालेले ग्रंथ पोत्यात संपले खरे; पण लूशियनचे हास्य, कायद्याची शिस्त आणि बोएथियसचे धैर्य पोत्यात भरता येत नव्हते. ६ जुलैला वधस्तंभाची डळमळती शिडी चढताना त्यांनी अधिकाऱ्याला विनंती केली की, वर जाताना हात द्या. उतरण्याचे माझे मी पाहीन.

१९३५ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना संतपद दिले आणि २००० साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना राजकारण्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. आपल्या भारतीय संविधानाच्या विसाव्या अनुच्छेदात, कोणाही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही, असे लिहिलेले आहे. मनोऱ्यातल्या कैद्याला एवढाच आसरा हवा होता. आणि त्याने ज्यांची चौकशी केली, त्यांनाही. २२ जूनच्या मिस्सेत या संताचे नाव उच्चारताना त्या सहा जणांसाठीही एक प्रार्थना आपण अवश्य करावी. आज मोर आपल्यात असते तर त्यांनी ती सर्वांत आधी केली असती, असा माझा विश्वास आहे.