कृत्रिम रक्तवाहिन्या व कोशिकारोपण

रोगाने बंद पडलेल्या अथवा इजा झालेल्या रक्तवाहिनीच्या जागी बसविण्यात येणाऱ्या मानवनिर्मित नळीस कृत्रिम रक्तवाहिनी म्हणतात. नैसर्गिक रक्तवाहिनीच्या आतील बाजूस अंतःस्तर कोशिकांचा एकेरी थर असतो व तो रक्त गोठू देत नाही. कृत्रिम नळीत असा थर नसल्याने तीत गुठळ्या होतात. रुंद महारोहिणीत हा दोष फारसा जाणवत नाही; परंतु ६ मिमी.पेक्षा कमी व्यासाच्या रोहिण्यांत आणि मंद प्रवाहाच्या नीलांत नळी लवकर बंद पडते.

१९४७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील आर्थर व्होरहीस यांना कुत्र्याच्या हृदयात राहिलेल्या रेशमी टाक्यावर चकचकीत आवरण चढलेले आढळले. त्यावरून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या महारोहिणीत कापडी नळ्या बसविल्या व हे प्रयोग १९५२ मध्ये प्रसिद्ध केले. नंतर डेक्रॉनच्या नळ्या प्रचारात आल्या. १९७२ मध्ये डुकरांच्या नीलांत टेफ्लॉनच्या सच्छिद्र नळ्यांचे प्रयोग झाले.

आवरण आपोआप चढण्याची वाट न पाहता कोशिका आधीच पेरण्याचे तंत्र माल्कम हेरिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मांडले. त्यांनी कुत्र्याच्या नीलेतील कोशिका खरवडून त्याच्याच रक्तात मिसळल्या आणि त्या मिश्रणाने डेक्रॉनची नळी भिजवून बसविली. पेरलेल्या नळ्यांत गुठळ्या कमी आढळल्या. १९८० मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढविलेल्या कोशिका कुत्र्यांत वापरल्या.

माणसांत मात्र सुरुवातीस असे यश मिळाले नाही. नीलेच्या लहान तुकड्यातून मिळणाऱ्या कोशिका अपुऱ्या पडत व रक्तप्रवाह सुरू होताच त्यांतील पुष्कळशा वाहून जात. शिवाय कुत्र्यांत नळीवर नवा अंतःस्तर सहज पसरतो. माणसांत तो सांध्यापासून एकदोन सेंमी.पलीकडे क्वचितच जातो. प्राण्यांतील निष्कर्ष माणसास जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हा धडा यातून मिळाला.

व्हिएन्ना येथे १९८९ पासून डॉइच, झिला व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाच्या कोशिका काही आठवडे वाढवून नळीस संपूर्ण अस्तर दिले. अशा नळ्या साध्या नळ्यांपेक्षा दीर्घकाळ खुल्या राहिल्या. पण आठवड्यांचा विलंब तातडीच्या रुग्णास परवडणारा नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत इजा झालेल्या हातापायांच्या रोहिण्यांसाठी मान्यता मिळालेल्या रक्तवाहिनीत ही अडचण वेगळ्या रीतीने टाळली आहे. ती मानवी कोशिकांकडून घडवून घेतात, नंतर कोशिका काढून टाकतात व उरलेली नळी तयार ठेवतात. बसविल्यावर रुग्णाच्या स्वतःच्या कोशिका तीत वस्ती करतात.