कचेरीचे घड्याळ

सरकारी नोकराने कामाच्या वेळेविषयी तक्रार केली की ऐकणाराच्या चेहऱ्यावर हसू उमटते. 'साहेब जागेवर नाहीत, उद्या या' हे उत्तर ज्याने कधी ऐकले नाही असा मनुष्य धाराशिव जिल्ह्यात सापडणे कठीणच. तरीही ही तक्रार जुनी आहे, आणि तिचा इतिहास पाहिला तर ते हसू थोडे ओसरेल, असे आम्हांस वाटते.

निजामी अमदानीत आमच्याकडील कचेऱ्यांची सुट्टी शुक्रवारची, दप्तर उर्दूत आणि वर्ष फसली. १९४८ साली ती अमदानी संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. म्हणजे बारा वर्षांच्या आत त्याच खुर्चीवरील कारकुनाने तीन राज्यांचे हुकूम पाहिले. राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमाने अशा नोकरांना अभय दिले होते. केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून त्यांच्या सेवाशर्ती त्यांना तोट्याच्या होतील अशा रीतीने बदलता येत नव्हत्या. वेतन कलमाने राखता येते. पण एका भाषेतले दप्तर दुसऱ्या भाषेत चालविण्याचा भार कोणत्या कलमात बसवावयाचा?

पुढे संघटना वाढल्या, परंतु भांडण मुख्यतः पैशाचे राहिले. १४ डिसेंबर १९७७ रोजी र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला संप ५४ दिवस चालला. मागणी केंद्राप्रमाणे महागाई भत्त्याची होती. संप हा मूलभूत हक्क नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली सांगितले होते, व २००३ साली ते अधिक कठोर शब्दांत सांगितले. संप मात्र त्यानंतरही झाले.

वेळेचा प्रश्न ऐरणीवर आला तो पाच दिवसांच्या आठवड्याने. केंद्राच्या कचेऱ्यांत तो १९८५ सालीच आला होता. महाराष्ट्रात संघटनांनी त्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कोठे २९ फेब्रुवारी २०२० पासून तो लागू झाला. लोकांनी ही चैन समजली. येथे थोडा हिशेब करणे भाग आहे. पूर्वी वर्षात सरासरी २८८ दिवस, रोज सव्वासात तास काम. एकूण २,०८८ तास. नव्या व्यवस्थेत २६४ दिवस, रोज आठ तास; एकूण २,११२ तास. म्हणजे शनिवार मिळाला आणि काम वर्षाला २४ तासांनी वाढले! सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी कचेरी ठरली. सरकारने दिले त्याहून थोडे अधिकच घेतले, असे हा हिशेब पाहणारास म्हणता येईल.

परंतु हिशेबाला दुसरी बाजूही आहे. परंड्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी येणाऱ्या शेतकऱ्याला पूर्वी काही शनिवार तरी उघडे सापडत. आता सव्वासहापर्यंत कचेरी उघडी आहे या गोष्टीचा त्याला काय उपयोग? एस. टी. गाठण्यासाठी तो त्याआधीच उठलेला असतो. ही अडचण खरी आहे, आणि संघटनांच्या निवेदनांत तिला अधिक जागा मिळावयास हवी होती, असे आमचे मत आहे.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. ही सवलत रुग्णालये, पोलीस, अग्निशमन, पाणीपुरवठा, सफाई, शाळा यांना लागू झाली नाही. ज्यांचे काम थांबविता येत नाही त्यांना ती देता येत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण मग त्या बदल्यात त्यांना काय दिले, हा प्रश्न उरतोच. महिन्याभरातच करोनाची टाळेबंदी आली. कचेऱ्या ओस पडल्या आणि परिचारिकेची पाळी लांबली.

अंगणवाडी सेविका तर या हिशेबाच्या बाहेरच आहेत. १९७५ साली सुरू झालेल्या योजनेत त्यांना मानधन मिळते, वेतन नव्हे; त्यामुळे त्यांचे तास मोजण्याची गरज कोणास वाटली नाही. मुलांना शिकवावे, आहार वाटावा, वजने घ्यावीत, नोंदी ठेवाव्यात. मग त्याच नोंदी भ्रमणध्वनीवर भराव्यात. २०२१ साली राज्यभर सेविकांनी सरकारने दिलेले ते फोन परत केले. यंत्र तापते, त्यात माहिती मावत नाही, आणि नोंदीची नवी व्यवस्था इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. उर्दू दप्तर मराठीत आणण्यासाठी खपलेल्या कारकुनाच्या जिल्ह्यात यांतली शेवटची तक्रार तरी कोणाला समजावून सांगावी लागू नये.