राजविद्यार्थ्यांची नेमणूक : पॅरिसच्या लष्करी पाठशाळेचा खर्च

संस्थेची स्थापना सांगणारें आज्ञापत्र पुष्कळ जण वाचतात. तिच्या जमाखर्चाच्या बंदांकडे मात्र क्वचितच कोणी वळतो. प्रस्तुत विषय त्या बंदांचा आहे.

फ्रान्सचा राजा पंधरावा लुई यानें जानेवारी १७५१ मध्यें ५०० निर्धन कुलीन मुलांकरितां पॅरिस येथें लष्करी पाठशाळा स्थापिली. प्रवेशास चार पिढ्यांचें कुलीनत्व कागदोपत्रीं सिद्ध करावें लागे. आमच्याकडील वतनाच्या तंट्यांतील वंशावळींची येथें सहजच आठवण होते. रणांत पडलेल्यांच्या पोरक्या मुलांस अग्रक्रम होता. पेशवेकालीन बालपरवेशीचाच हा एक प्रकार म्हणावा. भेद इतकाच कीं, येथें अन्नवस्त्राबरोबर गणित व अश्वारोहणही मिळे.

मुलांपासून कांहीं घ्यावयाचें नव्हतें. मग द्रव्य आलें कोठून? खेळावयाच्या पत्त्यांवरील कर पाठशाळेस लावून दिला होता, आणि तो अपुरा पडूं लागतांच १७५७ त सोडत मंजूर झाली. तिच्या खटपटींत व्हेनिसचा प्रसिद्ध कासानोव्हाही होता. सभिकापासून राजानें आपला भाग घ्यावा, असें याज्ञवल्क्यही सांगतो. तेव्हां आम्हीं नाक मुरडण्याचें कारण नाहीं.

१७७६ त युद्धमंत्री सें-जर्मँ यानें ही खर्चिक पाठशाळा मोडून मुलें प्रांतोप्रांतींच्या विद्यालयांत वांटून दिलीं, व दर राजविद्यार्थ्यामागें सालीना ७०० लीव्र सरकारांतून द्यावे असें ठरविलें. १७७९ त ब्रिएन येथें दाखल झालेला नेपोलियन बोनापार्ट यांपैकींच एक. दरम्यान पॅरिसची पाठशाळा पुन्हां उघडली होती. तेथें सुमारें वर्षभर राहून सप्टेंबर १७८५ त तो तोफखान्याचा सेकंड लेफ्टनंट झाला. त्याची वार्षिक प्राप्ति अशी : वेतन ८०० लीव्र, घरभाडें १२०, आणि पाठशाळेच्या माजी विद्यार्थ्याचें वर्षासन २००, एकूण ११२०.

हे आंकडे शेजारीं ठेवून पाहावे. शिकणाऱ्या पोरामागें ७००, आणि पदावर चढलेल्या अधिकाऱ्यास ८००! त्यांतच पोशाख, खानावळ आणि घरीं मागें राहिलेलीं माणसें. तें २०० लीव्रांचें वर्षासन म्हणजे राजाचा अनुग्रह नव्हे, वेतनाची तूट भरण्याची तजवीज होती, असें माझें मत आहे.

पॅरिसची पाठशाळा १७८७ च्या आज्ञेनें कायमची बंद झाली. पुढें १७९१ त ओक्सोनच्या छावणींत नेपोलियननें धाकटा भाऊ लुई यास जवळ आणून ठेविलें. त्याचा निर्वाह तो आपल्या वेतनांतून चालवी, आणि गणित स्वतःच शिकवी.