पुढच्या आसनापासून लोकलच्या दारापर्यंत

प्रवासातील सुरक्षेची साधने सर्वांच्या वाट्याला एकाच वेळी येत नाहीत. ती आधी कोणाला मिळाली आणि कोणाला अजून मिळायची आहेत, हा क्रम ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरात स्पष्ट दिसतो. व्होल्वो कंपनीतील अभियंता निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये तीन ठिकाणी अडकणारा आसनपट्टा तयार केला. धडकेत गाडी थांबली तरी शरीर आधीच्याच वेगाने पुढे जाते. ते आवरताना बसणारा जोर हा पट्टा छाती व कंबरेच्या मजबूत हाडांवर विभागतो.

भारतात १९९३ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि १९९४ पासून चालक व त्याच्या शेजारचा प्रवासी यांच्यासाठी पट्टा बसवणे मोटार उत्पादकांना बंधनकारक झाले. त्या दशकात प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कल्याण येथील कारखान्यात ११८ एनई आणि प्यूजो ३०९ या मोटारी तयार होत असल्याने हा बदल या परिसराच्या उद्योगापर्यंतही पोहोचला. तीनचाकी रिक्षा मात्र नियमाबाहेर राहिली, त्यामुळे शेअर रिक्षात चालकाला खेटून बसणाऱ्या ‘चौथ्या सीट’ला हाताच्या पकडीखेरीज आधार उरला नाही.

मागच्या आसनांवर पट्टे आले, तरी ते लावण्याची सवय रुजली नाही. २०१९ च्या सुधारित कायद्याने पट्टा न लावल्यास एक हजार रुपये दंड ठरवला. पण ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ, म्हणजे २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेल्या भागात, मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागे पट्ट्याविना बसलेल्या दोघांचा मृत्यू झाला, तेव्हाच मागच्या आसनाची चर्चा घराघरांत पोहोचली.

या परिसरातील लाखो नोकरदारांचे खरे वाहन मात्र लोकल आहे, आणि तिच्या उघड्या दारात लटकणाऱ्यांना अडवणारे काहीच नसते. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान दोन लोकल शेजारून जात असताना प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले, तेव्हा रेल्वेने बिगरवातानुकूलित नव्या गाड्यांनाही स्वयंचलित दारे बसवण्याची घोषणा केली. बंद डब्यात हवा कोंडू नये म्हणून झडपेची दारे आणि छतावर वायुवीजनाची सोयही त्या आराखड्यात होती.

पट्टा आणि बंद दार ही दोन्ही साधने माणसाला वाहनाबाहेर फेकले जाण्यापासून वाचवतात. म्हणून सर्वाधिक माणसे ज्या वाहनाने जातात, त्याच्या दाराचा प्रश्न यापुढे सर्वांत आधी सुटला पाहिजे.