टेबलावरचा इतिहास

परवा 'सिंहासन' परत पाहिला. कितव्यांदा ते विचारू नका! जब्बार पटेलांचा १९७९चा चित्रपट, तेंडुलकरांची पटकथा आणि मुख्यमंत्री आमच्या कोल्हापूरचे अरुण सरनाईक. पण या वेळी माझं लक्ष माणसांकडे नव्हतंच, टेबलांकडे होतं. तबकडीचे फोन, फायलींचे गठ्ठे...

माझे वडील भाऊसिंगजी रोडवरच्या एका कचेरीत कारकून होते. तिथल्या फोनच्या तबकडीला चिमुकलं कुलूप असायचं, किल्ली साहेबांकडे. एकदा आजी घरात चक्कर येऊन पडली. मी धावत कचेरीत गेलो, तर साहेब बाहेरगावी! वडलांनी रिसीव्हर उचलला आणि तो ठेवायची खटकी बोटानं टकटक दाबत डॉक्टरांचा नंबर लावला. मला ती जादू वाटली. खरं तर तबकडी परत फिरताना जितका आकडा तितक्या वेळा लाइन तुटते, शून्याला दहा वेळा. खटकीनंही तेच होतं. डॉक्टर आले, आजी वाचली.

'सिंहासन' सुरू होतो तोच एका निनावी फोननं. तुमच्याविरुद्ध कट शिजतोय, असं कोणीतरी मुख्यमंत्र्यांना सांगतं. कोण बोलतंय हे त्या काळी फोन दाखवत नसे, म्हणून तर ही गोष्ट घडू शकली!

त्याआधीचं उदाहरण कोल्हापूरचंच. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश', १९२५चा मूकपट. त्यात शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. सावकार खोटा दस्त करतो आणि त्याची जमीन जाते. म्हणजे खरा खलनायक एक कागदच की! आज सातबारा मोबाइलवर दिसतो. फसवणूक संपली असं नाही, पण तिची हत्यारं बदलली.

वडलांच्या कचेरीचा घरात एकच फोटो आहे. निरोपसमारंभ, हार, खुर्च्यांची रांग. ज्या टेबलाशी आयुष्य गेलं ते त्यात नाही. टेबलाचा फोटो कोण काढणार? म्हणून मी जुने सिनेमे बघतो. तिथे कॅमेरा नटाकडे रोखलेला असतो आणि टेबल आपसूक टिपलं जातं.

असो. सिनेमा चालू असताना वडील शेजारीच होते. मुख्यमंत्र्यांचा फोन दिसला तसे चष्मा सावरत म्हणाले, "ह्याला कुलूप दिसत नाही ते!"