'सोलारिस' आणि तेरची कथा : एका अपेक्षाभंगाची चिकित्सा

आंद्रेई तारकोव्हस्की यांच्या 'सोलारिस'ने (१९७२) निराश झालेल्यांची परंपरा त्या चित्रपटाइतकीच जुनी आहे. तिचा पहिला मानकरी मूळ कादंबरीचा लेखकच होता. स्तानिस्लाव्ह लेम यांच्या कादंबरीचा (१९६१) विषय म्हणजे सर्वस्वी परक्या बुद्धीसमोर मानवी ज्ञानाची होणारी कोंडी. दिग्दर्शकाने ती बाजूला सारून अपराधभावाचे नाटक उभे केले, ही लेम यांची तक्रार. सामान्य प्रेक्षकाची तक्रार याहून साधी : चित्रपट संथ आहे. तळे, पाऊस, महामार्गावरून संपता न संपणारा मोटारीचा प्रवास. अवकाशस्थानक दिसेपर्यंत प्रेक्षकाचा धीर सुटतो.

संथपणाचे हे कारण समीक्षेनेही फार सहज स्वीकारले आहे. वस्तुतः ते टिकणारे नाही. स्टीव्हन सोडरबर्ग यांनी २००२ साली त्याच कादंबरीवर केलेला चित्रपट तारकोव्हस्कींच्या सुमारे १६६ मिनिटांच्या चित्रपटापेक्षा तासाभराहून आखूड होता, आणि नायक होते जॉर्ज क्लूनी. तरीही प्रेक्षकांचा कौल घेणाऱ्या 'सिनेमास्कोअर'च्या अमेरिकेतील पाहणीत त्याला 'एफ' ही सर्वांत खालची श्रेणी मिळाली. स्टॅन्ली क्युब्रिक यांनीही '२००१ : अ स्पेस ओडिसी'च्या (१९६८) पहिल्या खेळांनंतर सुमारे १९ मिनिटे कापली, शेवटाचे गूढ त्यामुळे उकलले नाही. आणि तुळजापूरच्या परिसरात रात्ररात्र गोंधळ ऐकणाऱ्या समाजाला संथपणा सोसत नाही, असे म्हणणे तर धाडसाचेच ठरेल.

मग निराशेचे मूळ कोठे शोधावयाचे? 'सोलारिस'चा कथागाभा असा : दहा वर्षांपूर्वी आत्महत्या केलेली हारी अवकाशस्थानकात आपल्या पतीपुढे, केल्विनपुढे, पुन्हा उभी राहते. मृत व्यक्तीचे हे परतणे मराठी मनाला नवे नाही. धाराशिव जिल्ह्यात तर मुळीच नाही. त्या जिल्ह्यातील तेर हे गोरोबाकाकांचे गाव. नामस्मरणात देहभान हरपून चिखल तुडवताना पोटचे मूल पायांखाली गेले. पुढे पंढरपूरच्या कीर्तनात गोरोबांचे तुटलेले हात परत आले आणि मूलही रांगत आले. ही कथा महिपतींनी 'भक्तविजय'मध्ये (१७६२) सांगितली, आणि चित्रपटांनी ती मराठीबाहेरही नेली. कन्नडमधील 'भक्त कुंबार' (१९७४) हे त्याचे ठळक उदाहरण.

दोन्ही कथांत अपराध आहे आणि मृताचे परतणे आहे. मात्र तेरच्या कथेत परतलेले मूल तेच मूल असते. आई त्याला उचलून घेते, कीर्तन पूर्ण होते. 'सोलारिस'मधील हारीला स्वतःलाच ठाऊक नसते की ती कोण आहे. केल्विन तिला प्रथम अग्निबाणात बसवून घालवून देतो. ती पुन्हा येते. प्रेम करावे तर ते कोणावर, हा प्रश्न तिच्या प्रत्येक येण्याबरोबर अधिक अवघड होत जातो. हान्स रॉबर्ट याऊस यांनी वाचकाच्या ज्या 'अपेक्षाक्षितिजा'चा विचार मांडला, त्याच्या भाषेत सांगायचे तर येथे दोन क्षितिजे एकाच वेळी मोडतात. चमत्कारकथेने कृपेचे आश्वासन दिलेले असते आणि विज्ञानकथेने उलगड्याचे.

दुसरे आश्वासन मराठीत तरी विशेष भक्कम आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली आणि ती पहिली आली. त्यांच्या कथालेखनामागे विज्ञान वाचकाच्या परिचयाचे करावे, हा उघड हेतू होता. तो स्तुत्यच होता. पण त्या संस्कारात वाढलेला वाचक शेवटी खुलासा मागणार, हेही ओघाने आले. ज्याला 'संथ' म्हणून दोष दिला जातो तो पुष्कळदा असा न मिळालेला खुलासाच असतो.

तारकोव्हस्कींनाही हा चित्रपट फारसा साधला असे वाटत नव्हते. विज्ञानपटाच्या चौकटीतून तो पुरता सुटला नाही, हे त्यांचे कारण. लेम यांच्या तक्रारीच्या हे नेमके उलट. शेवटच्या दृश्यात केल्विन घराच्या दारात वडिलांसमोर गुडघे टेकतो. क्षणभर तेरच्या कथेसारखेच काही घडते आहे, असा भास होतो. मग कॅमेरा वर वर जाऊ लागतो आणि ते घर सोलारिसच्या समुद्रातील एका बेटावर असल्याचे दिसते. पाऊस घराच्या आत, वडिलांच्या खांद्यावर पडत होता, हे त्यापूर्वीच दिसलेले असते.